उज्जैनला एकच दिवस, सोबत आई: काय पाहावं, काय सोडावं?

मुठेकाठचा
धागालेखक

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरला मामेभावाच्या मुलीचं लग्न आहे. लग्न रविवारी, परतीची गाडी बुधवारी दुपारी इंदूरहून. मधल्या दोन दिवसांपैकी एक दिवस नातेवाइकांकडे जाणार, तो चुकवता येणार नाही. उरलेला एक दिवस उज्जैनसाठी. सोबत आई आहे, वय ७४. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर ती नीट चालते, पायऱ्या उतरताना हात धरावा लागतो.

ओळखीतून मिळालेल्या एका रिक्षावाल्याला फोन केला. त्याने एका दमात चौदा ठिकाणं सांगितली आणि म्हणाला, साहेब, पाच तासांत सगळं करून देतो. आईला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला देव मोजायचे नाहीत. दोनच बघू, पण कुठेतरी मला निवांत टेकू दे."

तर प्रश्न असा: एका दिवसात उज्जैन अनुभवायचं असेल तर काय ठेवावं आणि काय सोडावं? महाकाळाची पहाटेची भस्म आरती करावी का? सोमवारी जावं की मंगळवारी? उज्जैनला राहून आलेल्यांनी आणि तिथल्याच कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

---

घाटवाट

सोमवार टाळा. महाकाळाचा वार आहे, त्यात लग्नसराईतले पाहुणे तुमच्यासारखाच विचार करून येतात. मंगळवारी मंगळनाथाला गर्दी असते, पण ते देऊळ तसंही लांब आहे. सोमवारी नातेवाईक उरका, संध्याकाळी उज्जैनला मुक्कामाला या. इंदूर-उज्जैन ५५ किलोमीटरच आहे. पहाटे इंदूरहून निघून दिवसभर फिरून परत, असं आईंना झेपणार नाही.

---

साताऱ्याची लेक

ओंकारेश्वरसुद्धा जवळच आहे ना? आम्ही एकाच दिवसात दोन्ही ज्योतिर्लिंगं केली होती.

---

घाटवाट

@साताऱ्याची लेक, उज्जैन ते ओंकारेश्वर साधारण १४० किलोमीटर आहे. म्हणजे दिवसातले जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत. तरुण माणसं करतात, मीही केलं आहे, आणि मला आज दोन्हींपैकी एकही देऊळ नीट आठवत नाही. आई सोबत असताना हा विचार नको.

---

माळव्याची मावशी

मी उज्जैनचीच. आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं आणि इथलंच झालं. चाळीस वर्षं इथे शाळेत शिकवलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. "देव मोजायचे नाहीत" हे बोलणं मला फार आवडलं. बाहेरून येणारी माणसं स्टेशनवर उतरतात, ई-रिक्षात बसतात आणि काळभैरव, मंगळनाथ, सिद्धवट, सांदीपनी, गढकालिका, भर्तृहरी गुंफा, चिंतामण गणेश असं धावत सुटतात. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. संध्याकाळी दमून गाडीत बसतात, तेव्हा आमचं गाव नुकतं जागं होत असतं. मला दरवेळी हळहळ वाटते.

उज्जैन समजून घ्यायचं असेल तर देवाचं नावच बघा. महाकाळ. हे काळाचं गाव आहे. आपल्या जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा लंकेपासून मेरूपर्यंत जाते ती उज्जयिनीवरून. म्हणून इथला दिवस पहाट, भर दुपार आणि तिन्हीसांजा या तीन वेळांनी बघावा. तीन वेळा, तीन जागा. बाकी सगळं वेळ उरला तर.

पहाट महाकाळाची. देऊळ जुनं, तेराव्या शतकात इल्तुतमिशाने पाडलं. आज उभं आहे ते अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी बांधवलेलं. तळाला महाकाळ, मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि वर नागचंद्रेश्वर. वरचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतं. लिंग दक्षिणमुखी आहे, बारा ज्योतिर्लिंगांत हेच एक. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, त्यामुळे उतार आणि पायऱ्या येणारच. आईंसाठी चाकाची खुर्ची लागेल का, हे आत शिरण्याआधी, प्रवेशद्वारावरच ठरवा. आत गर्दीत मिळणं कठीण. गाभाऱ्यात सर्वसामान्य भाविकांना सोडत नाहीत, दर्शन समोरच्या मंडपातून होतं. मोबाइल आत चालत नाही, तो मुक्कामाच्या जागीच ठेवून या म्हणजे एक रांग वाचेल.

थंडीत एक गोष्ट मुद्दाम बघा. नरक चतुर्दशीपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत आमच्या महाकाळाला गरम पाण्याने स्नान घालतात. माझी नात लहानपणी विचारायची, देवाला थंडी वाजते का गं? मी म्हणायची, वाजते की. या गावात देव म्हणजे राजा. मोठ्या पदावरचा माणूस इथे रात्री मुक्काम करत नाही, एका गावात दोन राजे कसे झोपतील, ही समजूत अजून पाळतात. पालखी निघते तेव्हा दाराशी पोलीस सलामी देतात.

दुपार आणि संध्याकाळचं जेवणानंतर लिहिते.

---

गराडू

मावशी, दुपारचं तुम्ही लिहा, खाण्याचं मी लिहितो. मी इंदूरचा, पण आजोळ उज्जैनचं.

सकाळी दर्शन झाल्यावर पोहे-जलेबी. आपल्याकडचे कांदेपोहे डोक्यात ठेवून जाऊ नका. माळव्यातले पोहे वाफेवर ठेवलेले, मऊ, थोडे गोडसर. वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ वगैरे घातलेला कोरडा मसाला. येताना एक पुडी घ्याच, पेरूवर, काकडीवर, दह्यात कुठेही घालता येतो.

दुपारी दाल-बाफला. बाफला म्हणजे बाटीच, पण आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांवर किंवा भट्टीत भाजलेली, म्हणून आतून मऊ. तुपात बुडवून देतात. आईंना एक पुरेल, कारण हे जेवण जड आहे आणि त्यानंतर माणसाला झोप हवी असते. म्हणून दुपारचं फिरणं आधी उरकून मग जेवा.

डिसेंबरात येताय तर संध्याकाळी टॉवर चौकात गराडू मिळेल. हा एक कंद आहे, कोनफळाच्या जातीतला. फोडी तळून त्यावर जीरावन आणि लिंबू. हिवाळा संपला की दिसत नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

महाकाळाजवळच्या गल्ल्यांत भांगेची ठंडाई मिळते. ज्यांना सवय नाही त्यांनी प्रवासात घेऊ नये, हे मनापासून सांगतो.

---

नदीकाठी

भस्म आरतीबद्दल लिहिते, कारण मी दोनदा केली आहे आणि एकदा फसलेही आहे.

पहाटे चारला सुरू होते. मंदिराच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते, ओळखपत्र लागतं, आणि जागा फार लवकर संपतात. नोंदणी असली तरी मध्यरात्रीनंतर दोन-अडीचला रांगेत उभं राहावं लागतं. आधी पंचामृताचा अभिषेक, मग भांग-चंदनाचा शृंगार, आणि मग महानिर्वाणी आखाड्याचे महंत भस्म चढवतात. त्या वेळी बायकांना पदराने तोंड झाकून घ्यायला सांगतात. पूर्वी चितेचं भस्म असे अशी परंपरा सांगतात, आता शेणाच्या गोवऱ्या आणि ठरावीक झाडांची लाकडं जाळून केलेलं असतं. डमरू, झांजा, शंख एकदम सुरू होतात तेव्हा छातीत धडधडतं. नंदीच्या मागे, मंडपात जागा मिळाली तर आयुष्यभर लक्षात राहील असं आहे.

पण पहिल्या खेपेला आमची नोंदणी झाली नव्हती. मुक्कामाच्या ठिकाणी भेटलेल्या एकाने "पास करून देतो" म्हणून आमच्याकडून चांगले पैसे घेतले आणि पहाटे अडीच वाजता दारावर कळलं की त्या कागदाला काही अर्थ नाही. माझी सासू थंडीत तासभर उभी होती. तिचा तो चेहरा मी विसरले नाही. नोंदणी स्वतः करा. नाही मिळाली तर चालती रांग असते, तिच्यातून आरती चालू असताना पुढे सरकत दर्शन होतं. त्याने समाधान होत नसेल तर सरळ सकाळच्या आरतीला जा. कुणालाही वेगळे पैसे देऊ नका.

---

मुठेकाठचा

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. मंगळवार पक्का केला, सोमवारी रात्रीचा मुक्काम मंदिरापासून चालण्याच्या अंतरावर घेतला आहे. भस्म आरतीसाठी प्रयत्न केला, जागा संपल्या होत्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली, अडीच वाजता उठून काही सिद्ध करायचं नाही.

मावशी, दुपारची वाट बघतोय.

---

माळव्याची मावशी

सकाळी सातच्या पुढे दद्योदक आरती असते, थंडीत थोडी उशिरा. तिला जा. भस्म आरती हुकली म्हणून महाकाळ हुकला असं आम्ही इथली माणसं कधीच मानत नाही. माझ्या आईने सत्तर वर्षांत ती मोजून तीन वेळा पाहिली. रोज संध्याकाळी मात्र शिखरदर्शन करून घरी यायची.

आता दुपार. दुपारी जयसिंगपुऱ्यातली वेधशाळा बघा. लोक तिला जंतरमंतर म्हणतात. बहुतेक यात्रेकरू तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे शांत असते, बागेसारखी जागा आहे, बसायला सावली आहे. आईंना टेकायची जागा हवी होती ना, ही ती. यंत्रांबद्दल मला अर्धंमुर्धं कळतं, इथे कुणी जाणकार असेल तर लिहील.

मग जेवण आणि विश्रांती, किमान दोन तास. विश्रांती कापू नका.

तिन्हीसांजेला हरसिद्धी आणि रामघाट. महाकाळापासून रुद्रसागर तलावाच्या कडेने हरसिद्धी देवीचं देऊळ चालत गाठता येतं, तिथून रामघाट आणखी थोडा पुढे. हरसिद्धी शक्तिपीठ आहे, सतीचं कोपर इथे पडलं असं मानतात. पण देवळासमोरच्या दोन दीपमाळा बघाल तेव्हा तुम्हाला सांगावं लागणार नाही की इथे मराठे होते. जेजुरीला, तुळजापूरला जशा दीपमाळा, तशाच या, फक्त उंच. दोन्ही मिळून हजाराच्या वर दिवे. पूर्वी नवरात्रातच लागायचे, आता भाविक आधी नोंदवून लावतात, त्यामुळे बहुतेक संध्याकाळी उजळतात. सूर्यास्ताच्या आधी जाऊन जागा धरा. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो.

मेघदूतातला यक्ष मेघाला सांगतो ना, की तू महाकाळापाशी भलत्या वेळी पोचलास तरी सूर्य डोळ्यांआड होईपर्यंत थांब, संध्याकाळच्या पूजेत नगाऱ्याचं काम तुझ्या गडगडाटाने कर. मी वर्गात ते श्लोक शिकवताना मुलांना खिडकीतून शिखर दाखवायची. मेघाला जे सांगितलं तेच मी पाहुण्यांना सांगते. संध्याकाळ होईपर्यंत थांबा. चारची गाडी पकडू नका.

---

अवंतीपंत

मावशींच्या लिखाणात एक भर. महाकाळाच्या सवारीत, म्हणजे श्रावणात निघणाऱ्या पालखीत, मराठी पंचांग दडलेलं आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आपल्या श्रावणातला वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदात मोजतात. उज्जैनला दर सोमवारी निघणारी सवारी श्रावणात सुरू होते ती भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यातही चालू राहते. म्हणजे दोन्ही श्रावण पूर्ण होतात. शेवटची ती शाही सवारी. शिंद्यांच्या काळापासूनची ही वहिवाट, असं तिथले लोक सांगतात. आपल्याकडचा कुणी श्रावणी सोमवार धरून गेला तर त्यालाही पालखी भेटते आणि दिल्लीकडच्यालाही.

वेळ उरला तर गोपाळ मंदिर सोडू नका, बाजारातच आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, कागलच्या घाटग्यांची लेक, त्यांनी बांधवलं. चांदीची दारं आहेत. ती गझनीला गेली होती आणि महादजींनी लाहोरहून परत आणली अशी आख्यायिका आहे. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकाळाची पालखी इथे येते, हर आणि हरी भेटतात. महाकाळाची बेलाची माळ गोपाळाला आणि गोपाळाची तुळशीची माळ महाकाळाला. तेव्हा त्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

१८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. नाहीतर उज्जैन आज वेगळंच शहर असतं.

---

शंकुछाया

वेधशाळेचा विषय निघाला म्हणून खाते उघडून पहिला प्रतिसाद देतोय. इतकी वर्षं फक्त वाचत होतो.

सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना त्याने ही बांधली. दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा आणि उज्जैन अशा त्याच्या पाच वेधशाळा, त्यातली मथुरेची आता उरली नाही. बाकीच्या ठिकाणी यंत्रं मुख्यतः स्मारक म्हणून उभी आहेत. उज्जैनची यंत्रं आजही वेध घ्यायला वापरतात. ती पडझडीला आली होती, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. पुढे इथले पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. शंकुयंत्र, म्हणजे सावली मोजायचा उभा शंकू, त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३७ मध्ये बसवलं. तिथे उभं राहून ते नाव वाचलं की मराठी माणसाचा ऊर भरून येतो.

काय बघाल? भर दुपारच्या थोडं आधी पोचा, अकरा-साडेअकराला. ढग नसावेत.

सम्राट यंत्र म्हणजे मोठी त्रिकोणी भिंत, तिची तिरपी कड ध्रुवताऱ्याकडे रोखलेली. उज्जैनचा अक्षांश २३ अंशांच्या थोडा वर, भिंतीचा चढही तेवढाच. दोन बाजूंना कमानदार पट्ट्या, त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा. भिंतीची सावली जिथे पडते ती वेळ. पण ती उज्जैनची वेळ. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखवतात, उज्जैन पावणेशहात्तर अंशांवर आहे. फरक पावणेसात अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे २७ मिनिटं. शिवाय सूर्य वर्षभर एकाच गतीने चालत नाही, त्याची तारखेनुसार दुरुस्ती असते. तिचा तक्ता तिथे लावलेला आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती साधारण सहा-सात मिनिटांची, आणि ती वजा होते. म्हणून तुम्ही जाल तेव्हा सावली तुमच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा २० मिनिटं मागे असली पाहिजे. नक्की पडताळून बघा आणि इथे कळवा.

दुसरं नाडीवलय यंत्र. दंडगोल, त्याची एक तबकडी उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे. मार्चच्या संपातापासून (दिवस-रात्र समान असतात तो दिवस) सप्टेंबरच्या संपातापर्यंत उत्तरेची तबकडी उन्हात, पुढचे सहा महिने दक्षिणेची. तुम्हाला दक्षिणेची उजळलेली दिसेल.

कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी शेजारून जातं. २१ जूनला मध्यान्ही शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, दरवर्षी मुलं ते बघायला जमतात. सावली हरवते ती वेळ आणि देवाचं नाव महाकाळ, या दोन गोष्टी एकाच गावात असाव्यात याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गाव सोडण्याआधी विष्णु श्रीधर वाकणकरांची आठवण काढा. १९५७ मध्ये भीमबेटकाच्या चित्रगुंफा जगासमोर आणणारे. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी.

---

साताऱ्याची लेक

हे सगळं आम्ही न बघता आलो. वाचनखूण साठवली. पुढच्या वेळी फक्त उज्जैन.

---

कोकणकडा

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. काळभैरव पूर्ण सोडू नका. महाकाळाचं दर्शन भैरवाशिवाय पुरं होत नाही असं आमच्या घरात मानतात. तिथे मद्याचा नैवेद्य असतो, पुजारी बशी मूर्तीच्या ओठांना लावतात आणि ती रिकामी होते. मूर्तीला पगडी असते, ती शिंदे घराण्याकडून येते. महादजींनी स्वतःची पगडी वाहिल्याची कथा सांगतात. आणि त्याच भागात भैरवगडचे छिपे, म्हणजे कापड रंगवणारे कारागीर, बाटिकचं काम करतात. मेण लावून रंगवलेलं कापड. आईंसाठी साडी घ्या.

---

माळव्याची मावशी

@कोकणकडा, तुमची श्रद्धा मी समजू शकते आणि भैरवगडाचं बाटिक खरंच सुंदर असतं. पण मुठेकाठच्यांच्या आईंचा गुडघा, आणि तिकडच्या रांगा. उत्तरेचा तो पट्टा, सांदीपनी, मंगळनाथ, सिद्धवट, भैरव, एका ओळीत येतो आणि त्याला अर्धा दिवस लागतोच. त्यांना यातलं एकच करायचं असेल तर मी सांदीपनी आश्रम सुचवेन. जवळ आहे, चढ नाही. कृष्ण-बलराम-सुदामा इथे शिकले म्हणतात, गोमती कुंड आहे, आणि शंकराच्या देवळासमोरचा नंदी बसलेला नाही, उभा आहे. माझ्या वर्गातली मुलं म्हणायची, बाई, गुरुजी आले म्हणून उभा राहिला.

आणि एक. २०२८ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत. रस्ते खणलेले असतात, रिक्षा लांबून फिरवून नेते. प्रत्येक ठिकाणासाठी अर्धा तास जास्त धरा.

---

मुठेकाठचा
(दहा दिवसांनी)

परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी हा वृत्तान्त.

पहाटे साडेसहाला निघालो. थंडी चांगलीच होती. महाकाल लोकच्या बाजूने गेलो. ११ ऑक्टोबर २०२२ ला उद्घाटन झालेला हा भाग, नऊशे मीटरहून लांब, १०८ स्तंभ. भव्य आहे, पण आईचं लक्ष रुद्रसागरावरच्या धुक्याकडे होतं. चाकाची खुर्ची घेतली. आधी तिने नको म्हटलं, आतला उतार बघून बसली. आरतीच्या वेळी आम्ही मागच्या मंडपात होतो. देव दिसत होता पण लहान. मला वाईट वाटलं की तिला इतक्या लांबून बघावं लागतंय. तिने डोळे मिटलेले होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "झांजांचा आवाज पोटात गेला." मग देवळाच्या आवारातल्या कोटितीर्थ कुंडाच्या काठावर अर्धा तास बसलो. कुणी उठवलं नाही.

पोहे खाल्ले. गराडूभाऊ, जीरावनच्या चार पुड्या आणल्या आहेत.

सांदीपनीला गेलो, उभा नंदी बघितला, वीस मिनिटांत बाहेर.

आणि मग वेधशाळा. खरं सांगायचं तर ती मी मावशींच्या शब्दाखातर ठेवली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सम्राट यंत्रापाशी उभे होतो. सावली अकरा-वीसच्या खुणेवर. शंकुछाया, अगदी तुम्ही लिहिलं तसं. मी आईला मोठ्याने हिशेब समजावून सांगितला, २७ वजा सात. तिने माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं, पट्टीजवळ धरलं आणि सावली एका मिनिटाच्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सरकेपर्यंत तिथेच उभी राहिली. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, ते आम्ही बंद केलं त्याला आता सहा वर्षं झाली. ती काही बोलली नाही, मीही नाही. नंतर बाकावर आम्ही जवळजवळ एक तास बसलो. दिवसभरातला तोच सगळ्यात लांब मुक्काम.

शंकुयंत्राजवळची आपट्यांच्या नावाची नोंद तिने दोनदा वाचली.

जेवण, झोप. बाफला एकच घेतला.

पाचला हरसिद्धी. अंगणात शिरल्याबरोबर आई थांबली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली दीपमाळ." पुढे उजेड कमी होत गेला. दोन-तीन तरुण त्या स्तंभांवर चढले, दिव्यांच्याच हातांवर पाय देत, शिडी नाही, दोर नाही. खालून वर एकेक ओळ पेटत गेली. काही मिनिटांत दोन्ही माळा उजळल्या. बाजूला एक आजी उभ्या होत्या, गुजराती असाव्यात. त्यांनी आणि आईने एकमेकींचे हात धरले होते, ओळखपाळख काही नसताना.

रामघाटावर शिप्रेची आरती वरच्या पायरीवरूनच बघितली. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या, खाली उतरलो नाही. नदीचं पाणी बरंचसं नर्मदेचं, जलवाहिनीतून आणलेलं, हे शेजारच्या नावाड्याने सांगितलं. आईने तरी तांब्यात मागून घेतलंच.

काळभैरव, मंगळनाथ, चिंतामण, गोपाळ मंदिर राहिलं. कोकणकडा, बाटिकची साडी मात्र शहरातल्या दुकानातून घेतली, गडद निळी.

शंकुछाया, आईचा एक प्रश्न आहे. नाडीवलयाची दक्षिणेची बाजू सहा महिने, उत्तरेची सहा महिने. मग मधल्या दिवशी ऊन कुणाकडे? गाडीत तीन वेळा विचारलं, मला सांगता आलं नाही.

---

शंकुछाया

आईंना सांगा, कुणाकडेच नाही. संपाताच्या दिवशी सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो आणि दोन्ही तबकड्या त्याच पातळीला समांतर बांधलेल्या आहेत. ऊन दोन्हींच्या कडेने घासून जातं, तोंडावर पडत नाही. मार्चमध्ये २०-२१ तारखेला आणि सप्टेंबरमध्ये २२-२३ ला हे बघता येतं. दुसऱ्या दिवशी बाजू बदललेली असते.

---

मुठेकाठचा

वाचून दाखवलं. "असं होय," म्हणाली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मार्चचं पान उलटून बघितलं.